पोटाच्या तक्रारींसाठी घरपोच तपासणी किट: काय घेण्याजोगं, काय सोडून देण्याजोगं

जुलाब काही केल्या थांबत नाहीत, खाल्लेलं अंगी लागत नाही, पोट सतत फुगलेलं असतं. अशा माणसाला हल्ली मोबाइलवर एका खोक्याची जाहिरात हमखास दिसते. ‘संपूर्ण पचन तपासणी’ किंवा ‘गट हेल्थ प्रोफाइल’ असं काहीतरी नाव असतं. आत मलाचा नमुना घ्यायच्या डब्या, बोटातून रक्त काढायची सुई आणि कार्ड, मोठ्या किटमध्ये श्वास भरायच्या नळ्या. नमुने पाठवायचे आणि रिपोर्टची वाट पाहायची. कंपन्या वेगळ्या असल्या तरी आतल्या चाचण्या थोड्याफार त्याच, म्हणून हे परीक्षण कुठल्या एका कंपनीचं नाही, या सगळ्या प्रकाराचं आहे.

मत आधीच सांगून टाकतो. मलातलं कॅलप्रोटेक्टिन, मलातलं इलास्टेज आणि सिलिॲकसाठीची (गव्हातल्या प्रथिनामुळे लहान आतडं खराब होण्याच्या आजारासाठीची) रक्तचाचणी या तीन चाचण्या खरोखर कामाच्या आहेत. श्वासाची चाचणी नीट केली तर उपयोगी, पण घरी ती बहुतेकदा नीट होत नाही. अन्नाच्या आयजीजी प्रतिपिंडांचं पॅनेल, झोन्युलिन (आतड्याचं अस्तर किती सैल झालंय ते सांगतं म्हणून मोजलं जाणारं प्रथिन) आणि आतड्यातल्या जिवाणूंचा ‘नकाशा’ या तिन्हींवर पैसे घालवू नयेत. आणि सगळ्यात मोठी उणीव डब्यांमध्ये नाही, सोबतच्या फॉर्ममध्ये आहे.

फॉर्म काय विचारत नाही

वय, वजन, झोप, ताणतणाव हे सगळं फॉर्म विचारतो. चांगल्या किटमध्ये ब्रिस्टल तक्ताही असतो. मलाचे सात प्रकार चित्रांनी दाखवलेले, १ म्हणजे सुटे कडक खडे आणि ७ म्हणजे निव्वळ पाणी. हा तक्ता चांगलाच आहे, कारण ‘पातळ’ म्हणजे नक्की किती पातळ हे प्रत्येकाचं वेगळं असतं. पण आजार नेमका कुठे आहे हे सांगणारे चार-पाच प्रश्न फॉर्ममध्ये नसतात, आणि ते नसतील तर पुढचे आकडे वाचायचे कसे हेच कळत नाही.

पहिला प्रश्न, किती दिवस झाले? दिवसातून तीन किंवा जास्त वेळा पातळ झालं की जुलाब म्हणायचे. १४ दिवसांच्या आतले जुलाब बहुतेक वेळा जंतुसंसर्गाचे असतात आणि आपोआप थांबतात. चार आठवड्यांच्या पुढे गेले की कारणांची यादीच बदलते. किट या दुसऱ्या गटासाठी आहे. जुलाब लागल्यावर तिसऱ्याच दिवशी नमुना पाठवला, तर साध्या संसर्गामुळेही कॅलप्रोटेक्टिन वाढलेलं येतं आणि माणूस विनाकारण धास्तावतो.

दुसरा प्रश्न, एका वेळी किती होतं? लहान आतड्यात रोज साधारण ८ ते ९ लिटर द्रव उतरतो. त्यातला दोनेक लिटर आपण खाल्ल्या-प्यायलेला, बाकी लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचा स्वतःचा स्राव. मोठ्या आतड्यापर्यंत पोचतो तो एक ते दीड लिटर आणि मलातून बाहेर पडतो जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर. म्हणून लहान आतडं बिघडलं की शौचाच्या वेळा फार नसल्या तरी प्रत्येक वेळी भरपूर होतं, पाण्यासारखं किंवा तेलकट, बेंबीभोवती गुडगुड होते, वजन उतरतं. मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग सुजला की त्याला साठा धरवत नाही. मग थोडं थोडं, घाईघाईनं, मुरडा येऊन होतं. सोबत आंव किंवा रक्त पडतं, आणि जाऊन आल्यावरही अजून व्हायचं राहिलंय असं वाटत राहतं.

तिसरा, झोपेतून उठून जावं लागतं का? आयबीएसचे (आतड्यात दिसणारा बिघाड नसतानाही पोट वारंवार बिघडण्याच्या आजाराचे) जुलाब सहसा झोप मोडत नाहीत. रात्री दोन वाजता उठवणाऱ्या जुलाबांवर ‘टेन्शनमुळे असेल’ असा शिक्का मारू नये.

चौथा, खाणं थांबवलं की जुलाब थांबतात का? न शोषलेला पदार्थ आतड्यात पाणी ओढून घेत असेल, तर तो पदार्थ बंद झाल्यावर जुलाब थांबतात. दुधातलं लॅक्टोज, बिनसाखरेच्या च्युइंगममधलं सॉर्बिटॉल, मॅग्नेशियम असलेली ॲन्टासिड ही नेहमीची उदाहरणं. न खाताही पाण्यासारखे जुलाब चालूच राहिले, तर आतड्याचं अस्तर स्वतःच पाणी सोडतंय. कॉलऱ्याच्या विषामुळे असं होतं, आणि क्वचित हॉर्मोन सोडणाऱ्या गाठीमुळेही. प्रयोगशाळेत हा फरक एका हिशेबानं काढतात: मलातलं सोडियम आणि पोटॅशियम यांची बेरीज दुप्पट करायची आणि ती २९० मधून वजा करायची. उत्तर १०० च्या वर आलं तर पहिला प्रकार, ५० च्या खाली आलं तर दुसरा. चाचणी स्वस्त आणि जुनी, तरी किटवाल्यांच्या यादीत ती सहसा दिसत नाही. (उपाशी राहण्याचा प्रयोग लहान मुलांवर, मधुमेह असलेल्यांवर आणि आधीच अशक्त झालेल्यांवर करू नये.)

पाचवा प्रश्न औषधांचा, आणि तो फॉर्ममध्ये नसणं अक्षम्य आहे. मेटफॉर्मिन, ॲन्टिबायोटिक, कोल्चिसिन, आम्लपित्ताच्या ‘प्राझोल’ गटातल्या गोळ्या, वजन घटवण्यासाठीचं ऑर्लिस्टॅट, या सगळ्यांनी जुलाब होऊ शकतात. रक्तदाबाच्या ओल्मेसार्टनमुळे तर सिलिॲकसारखंच चित्र उभं राहू शकतं, तेही गोळी सुरू करून कित्येक महिने किंवा वर्षं उलटल्यावर. अशा रुग्णात सिलिॲकची रक्तचाचणी निगेटिव्ह येते आणि गोळी बदलल्यावर आतडं सुधारतं. गोळी मनानं बंद करायची नाही, पण डॉक्टरांना विचारायचंच.

वयस्कर आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसांत आणखी एक गोष्ट तपासावी लागते. आत कडक मल अडकलेला असतो आणि त्याच्या बाजूनं पातळ झिरपत राहतं. दिसायला जुलाब, मूळ बद्धकोष्ठ. अशा वेळी जुलाब थांबवायची गोळी दिली की अवस्था आणखी बिघडते. हे कुठलंही किट पकडू शकत नाही, डॉक्टरांनी बोटानं केलेली तपासणी पकडते.

अंगी लागत नाही, ते कशावरून

अपशोषणाची, म्हणजे अन्न आतड्यातून नीट शोषलं न जाण्याची, सगळ्यात ओळखता येणारी खूण म्हणजे तेलकट मल. फिकट पिवळा, मऊ, भयंकर वासाचा, भांड्याला चिकटणारा, दोनदा पाणी ओतूनही न जाणारा. पाण्यावर तेलाचे थेंब दिसले तर शंका पक्की होते. नुसता मल तरंगतो एवढ्यावरून काही ठरवू नये, तो गॅसमुळेही तरंगतो.

पण पुष्कळ जणांना जुलाब नसतातच. लोह आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात शोषलं जातं आणि बी-१२ अगदी शेवटच्या टप्प्यात, त्यामुळे कमतरता कशाची आहे यावरून बिघाड कुठे आहे याचा अंदाज येतो. गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वर सरकत नसेल तर आतड्याच्या सुरुवातीला पाहायचं. हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणं, जिभेची आग आणि बी-१२ कमी, असं असेल तर जठर आणि आतड्याचं शेवटचं टोक पाहायचं. चरबी शोषली गेली नाही की तिच्यासोबत ए, डी, ई आणि के ही जीवनसत्त्वंही निघून जातात. मग संधिप्रकाशात कमी दिसू लागतं, हाडं दुखतात, किरकोळ धक्क्यानं काळेनिळे डाग उठतात. प्रथिनं घसरली की पायांवर सूज चढते. किटची प्रश्नावली ‘दिवसातून किती वेळा’ एवढ्यावरच थांबते आणि ही माणसं तिच्यातून निसटतात.

नमुना घेणं

साहित्याला चांगले गुण. झाकणालाच चमचा असलेली डबी आणि भांड्यावर चिकटवायचा कागदी झोळ, एवढ्यानं काम स्वच्छ होतं. सूचनापत्रकाला मात्र कमी गुण, कारण चुका जिथे होतात तिथेच ते गप्प आहे.

आधी लघवी करून घ्यावी, ती नमुन्यात मिसळू देऊ नये. भांड्यातल्या पाण्यात पडलेला मल उचलू नये. एकाच जागचा गोळा न घेता तीन-चार ठिकाणचे छोटे तुकडे घ्यावेत. कुठे आंव असेल तर तो भाग नक्की घ्यावा. डबी खुणेपर्यंतच भरावी. काठोकाठ भरली तर आत गॅस साठून झाकण उडतं आणि पाकीट प्रयोगशाळेतून थेट कचऱ्यात जातं. परजीवींसाठीच्या डबीत टिकवणारं द्रव असतं, कॅलप्रोटेक्टिनची डबी कोरडी असते. दोन्हींची अदलाबदल झाली तर दोन्ही नमुने वाया. नाव, तारीख आणि वेळ डबीवरच लिहावी, पाकिटावर लिहून भागत नाही.

कॅलप्रोटेक्टिन साध्या तापमानाला तीनेक दिवस टिकतं, त्यानंतर हळूहळू तुटतं आणि आकडा खोटा कमी दिसतो. म्हणून सुट्टीच्या आदल्या दिवशी नमुना पाठवू नये. पाळीच्या दिवसांत किंवा मूळव्याधीतून रक्त जात असताना नमुना घेणंही टाळावं.

कॅलप्रोटेक्टिन: या खोक्यातली सगळ्यात चांगली चाचणी

हे पांढऱ्या पेशींमधलं प्रथिन. आतड्याच्या अस्तराला सूज आली की या पेशी तिथे जमतात आणि प्रथिन मलात उतरतं. एका ग्रॅम मलात ५० मायक्रोग्रॅमच्या खाली आलं, तर क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिससारखा आतड्याचा जुनाट दाह असण्याची शक्यता फार कमी. २५० च्या वर गेलं तर पुढची तपासणी टाळू नये. मधला पट्टा मात्र रिपोर्ट नीट समजावत नाही. तिथे सरळ लाल रंग दिलेला असतो आणि वाचणारा घाबरतो. खरं तर आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांनी आणि ‘प्राझोल’ गोळ्यांनीही आकडा या पट्ट्यात येतो. डॉक्टरांना विचारून वेदनाशामक थांबवावं आणि काही आठवड्यांनी चाचणी पुन्हा करावी. पुष्कळांचा आकडा तेवढ्यानं खाली येतो.

एक मर्यादा ध्यानात ठेवायची. कॅलप्रोटेक्टिन सूज सांगतं, सुजेचं कारण सांगत नाही. आणि अपशोषणाचे कित्येक आजार, अगदी सिलिॲकसुद्धा, हा आकडा सामान्य ठेवून असू शकतात.

इलास्टेज

स्वादुपिंड पाचकरस पुरेसा सोडतंय का, हे ही चाचणी सांगते. एका ग्रॅमला २०० मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर ठीक, १०० च्या खाली असेल तर मोठी कमतरता. कारणं बहुधा जुना स्वादुपिंडदाह, स्वादुपिंडाची शस्त्रक्रिया, सिस्टिक फायब्रोसिस हा जन्मजात आजार. कधी कधी उपचार न झालेल्या सिलिॲकमध्येही आकडा कमी येतो, कारण खराब झालेलं आतडं स्वादुपिंडाला ‘रस सोड’ असा संदेशच नीट पाठवत नाही. ते आतडं भरून आलं की आकडा सुधारतो.

इथे सगळ्यात मोठी चूक म्हणजे पाण्यासारख्या मलातून ही चाचणी करणं. पाण्यानं एन्झाइम पातळ होतं आणि निरोगी स्वादुपिंडही आजारी ठरतं. नमुना घट्ट किंवा निदान अर्धघट्ट असताना घ्यावा. बऱ्याच प्रयोगशाळा पातळ नमुन्यावरही आकडा छापून मोकळ्या होतात, तळाशी साधी टीपसुद्धा देत नाहीत. एन्झाइमच्या कॅप्सूल चालू असतील तर त्या थांबवायची गरज नाही. नेहमीच्या पद्धतीत फक्त माणसाचं इलास्टेज मोजलं जातं.

मलातली चरबी थेट मोजायची जुनी पद्धत म्हणजे रोज १०० ग्रॅम चरबीचा आहार घ्यायचा आणि तीन दिवसांचा संपूर्ण मल गोळा करायचा. दिवसाला ७ ग्रॅमपेक्षा जास्त चरबी निघाली तर अपशोषण. पद्धत अचूक आहे, पण रुग्ण आणि प्रयोगशाळा दोघंही टाळतात. किटमध्ये ती नाही याबद्दल तक्रार नाही.

सिलिॲकची रक्तचाचणी

टीटीजी-आयजीए (सिलिॲकमध्ये वाढणारं, आयजीए जातीचं प्रतिपिंड) ही चाचणी चांगली आहे, पण दोन अटींवर. एक, गव्हाचे पदार्थ खाण्यात असले पाहिजेत, किमान सहा आठवडे, रोज एकापेक्षा जास्त जेवणांत. ‘गहू सोडून बरं वाटलं म्हणून आता टेस्ट करतोय’ असं म्हणणाऱ्याची चाचणी निगेटिव्ह येऊ शकते आणि त्या निगेटिव्हला काडीचीही किंमत नसते. दोन, एकूण आयजीए सोबत मोजलं पाहिजे. सिलिॲक असलेल्यांपैकी साधारण २ ते ३ टक्के लोकांच्या शरीरात आयजीए तयारच होत नाही, मग टीटीजी-आयजीए येणार कुठून? किट घेण्याआधी यादीत ‘टोटल आयजीए’ आहे का ते पाहावं. नसेल तर ती चाचणी अर्धी.

पॉझिटिव्ह आलं की लगेच गहू सोडायचा नाही. मोठ्यांमध्ये एन्डोस्कोपी करून आतड्याच्या पहिल्या भागातले तुकडे तपासूनच निदान पक्कं करतात, आणि त्या दिवसापर्यंत गहू पोटात जात राहिला पाहिजे. ‘डीक्यू-२, डीक्यू-८’ ही जनुकचाचणी कुणी विकत असेल तर तिचा अर्थ उलट्या बाजूनं घ्यावा. निगेटिव्ह आली तर सिलिॲक जवळपास बाद. पॉझिटिव्ह आली तर काहीच सिद्ध होत नाही, कारण निरोगी लोकांतही ही जनुकं भरपूर आढळतात.

श्वासाची चाचणी

न पचलेली साखर जिवाणूंच्या तावडीत सापडली की हायड्रोजन तयार होतो, तो रक्तातून फुप्फुसांत येतो आणि श्वासात मोजता येतो. लॅक्टोजसाठी साधारण २५ ग्रॅम लॅक्टोज पाण्यातून घेतात आणि तीन तासांत हायड्रोजन सुरुवातीपेक्षा २० पीपीएमनं (हवेच्या दहा लाख भागांत २० भागांनी) वाढला तर चाचणी पॉझिटिव्ह. लहान आतड्यात जिवाणू माजलेत का हे पाहायला ७५ ग्रॅम ग्लुकोज देतात आणि तीच वाढ ९० मिनिटांच्या आत शोधतात. काही जणांच्या जिवाणूंमुळे हायड्रोजनऐवजी मिथेन वाढतो, म्हणून दोन्ही वायू मोजणारंच किट घ्यावं.

घरी बिघडतं ते फुंकण्यात. श्वासनळीतली आणि तोंडातली सुरुवातीची हवा उपयोगाची नसते. ती सोडून देऊन श्वासाचा शेवटचा भाग नळीत भरायचा असतो. नळीचं झाकण दोन सेकंद उशिरा लागलं तरी आकडा पडतो. आदल्या रात्री भरपूर तंतुमय जेवण, सकाळी सिगारेट, चाचणी चालू असताना व्यायाम किंवा झोप, यातलं काहीही चालत नाही. आधीचे चार आठवडे ॲन्टिबायोटिक नसावं. ग्लुकोजऐवजी लॅक्टुलोज (शरीरात न शोषली जाणारी साखर) देणाऱ्या किटपासून विशेष सावध राहावं. ज्याचं आतडं वेगानं पुढे ढकलतं त्याचं लॅक्टुलोज ९० मिनिटांच्या आतच मोठ्या आतड्यात पोचतं, आणि जिवाणू माजलेले नसतानाही रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो.

जंतूंचं पीसीआर पॅनेल

एका नमुन्यात वीसेक जंतू शोधणारं हे पॅनेल प्रभावी दिसतं. पण ते जंतूचा डीएनए पकडतं. जंतू जिवंत आहे का, आजार त्यानंच केलाय का, हे त्याला ठरवता येत नाही. जिआर्डियासाठी मात्र हे खरंच चांगलं. हा परजीवी मलात रोज उतरत नाही, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली एकाच नमुन्यात तो सहज हुकतो. तिथे वेगवेगळ्या दिवसांचे तीन नमुने द्यावे लागतात. जिआर्डिया बरा झाल्यावरही काही आठवडे दूध पचत नाही, हे रिपोर्टमध्ये लिहिलेलं नसतं आणि लोक औषध लागू पडलं नाही असं समजून पुन्हा तीच गोळी घेतात.

सोडून द्यायचं ते

आयजीजी पॅनेल कित्येक पदार्थांची लाल-हिरवी यादी देतं. अन्नाविरुद्धचं आयजीजी म्हणजे तो पदार्थ आपण खातो एवढीच नोंद. ती यादी मानून आधीच खंगलेला माणूस एकेक पदार्थ सोडत जातो आणि आणखी खंगतो. या किटमधली खरी हानी करणारी गोष्ट हीच. झोन्युलिनच्या व्यापारी चाचण्या झोन्युलिनशिवाय इतर प्रथिनांनाही चिकटतात, त्यामुळे आकडा नक्की कशाचा हेच ठरत नाही. जिवाणूंच्या नकाशाचं शास्त्र रंजक आहे, पण ‘सामान्य’ म्हणजे काय ते अजून ठरलेलं नाही, आणि त्यावरून जुलाबांचा उपचार ठरवता येत नाही.

किट मागवूच नये, असे लोक

मलात डोळ्यांना रक्त दिसतंय, मल डांबरासारखा काळा आहे, ताप आहे, वजन आपोआप उतरतंय, लघवी कमी होऊन गडद झालीय, उभं राहताना चक्कर येते, यातलं काहीही असेल तर टपालाची वाट पाहू नये, सरळ डॉक्टर गाठावा. पन्नाशीच्या पुढे शौचाची सवय नव्यानं बदललेली असेल किंवा घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झालेला असेल, त्यांनीही. रक्त दिसत असताना ‘लपलेल्या रक्ता’ची चाचणी करण्यात काही अर्थ नाही.

पाणी कमी पडत असेल तर दवाखान्यात जाईपर्यंत ओआरएस. एक लिटर पाण्यात मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि सायट्रेट २.९ ग्रॅम असं जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण आहे. पाकिटावर हेच आकडे आहेत का ते पाहून घ्यावं. ग्लुकोज आणि सोडियम जोडीनं आत शोषले जातात आणि पाणी त्यांच्यामागे जातं, म्हणून प्रमाणाला महत्त्व. साखर वाढवली की पाणी उलट आतड्यात ओढलं जातं. ‘एनर्जी ड्रिंक’ ओआरएसची जागा घेत नाही.

खोक्यात न मावणारं

पित्ताशय काढल्यानंतर किंवा लहान आतड्याचा शेवटचा भाग कापल्यानंतर सुरू झालेले पाणीदार जुलाब बऱ्याचदा पित्ताम्लांमुळे असतात. कोलेस्टिरामाइननं त्यांना चांगला उतार पडतो, पण किट या बाजूला फिरकतच नाही. थायरॉइडचं हॉर्मोन वाढल्यानंही जुलाब होतात, त्यासाठी साधी रक्तचाचणी पुरते. आणि मायक्रोस्कोपिक कोलायटिस, म्हणजे उतारवयातल्या, विशेषतः स्त्रियांमधल्या, रक्त नसलेल्या पाणीदार जुलाबांचं नेहमी निसटणारं कारण. यात कॅलप्रोटेक्टिन सामान्य येऊ शकतं आणि कोलोनोस्कोपीत आतडं अगदी स्वच्छ दिसतं. बिघाड फक्त सूक्ष्मदर्शकाखाली कळतो. म्हणून जुनाट जुलाबांसाठी कोलोनोस्कोपी ठरली असेल, तर अस्तर चांगलं दिसलं तरी उजव्या आणि डाव्या दोन्ही बाजूंचे तुकडे तपासणीला पाठवा, असं डॉक्टरांना तारीख घेतानाच सांगावं.